साथ आली तरी कर्करोगाचा उपचार थांबू नये म्हणून : सोलापूर जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

२० मार्च २०२०, शुक्रवार. बार्शीला माझ्या आत्याचा १७वा शेक, म्हणजे रेडिएशनची १७वी बैठक, झाला. एकूण २५ द्यायचे ठरले होते. रविवारी जनता कर्फ्यू लागला, सोमवारी राज्यभर संचारबंदी आली आणि एसटी बंद झाली. आम्ही घरात बसून ठरवलं, चार दिवस थांबू, जरा निवळू दे. डॉक्टरांना विचारावं हे कुणाच्याच मनात आलं नाही.

गुरुवारी रेडिएशन विभागातूनच फोन आला. आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात बाहेरून दिलेला शेक आणि नंतर आतून द्यायचा शेक, दोन्ही मिळून ५६ दिवसांत पूर्ण व्हावे लागतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. ‘तुम्ही दिवस मोजलेत का?’ असं त्यांनी विचारलं. आम्ही मोजले नव्हते. शनिवारी गाडी करून निघालो, तर वैरागच्या अलीकडे पोलिसांनी अडवून कागद मागितला. आमच्या केसपेपरवर पुढची तारीखच लिहिलेली नव्हती. परत फिरावं लागलं. संध्याकाळी दवाखान्याने व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलं, रविवारी आम्ही पोचलो, बार्शीतच एक खोली भाड्याने घेतली आणि सोमवारी, ३० मार्चला, १८वा शेक झाला. २६ फेब्रुवारीला सुरू झालेला उपचार २० एप्रिलला संपला. ५५वा दिवस होता तो.

एका दिवसाने वाचलो. तेव्हापासून ओळखीतल्या रुग्णांच्या फायली मी स्वतः बसून लावून देते. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे. साथ करोनाची असेल, उद्या दुसरी कुठली येईल. महापूर किंवा मोठा संप आला तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल. उपचार थांबवायचा, लांबवायचा की बदलायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. नाका, शेजारी, व्हॉट्सॲपवरची बातमी किंवा आपली भीती यांनी ते ठरवू नये.

हे फक्त आमच्या घरात झालं असं नाही. राष्ट्रीय कर्करोग ग्रिड म्हणजे देशभरातल्या कर्करोग केंद्रांचं जाळं. त्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांचे आकडे आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. रेडिएशन त्यातल्या त्यात टिकलं, तेही २३ टक्क्यांनी कमी झालं. यंत्रं जागेवर होती, बरेचसे डॉक्टरही होते. माणसंच पोचू शकली नाहीत.

पहिलं काम : फाइल

फाइल म्हणजे पिशवीत कोंबलेले कागद नव्हेत. अनोळखी डॉक्टरने ती उघडली तर दोन मिनिटांत त्याला समजलं पाहिजे की हा रुग्ण कोण, आजार कोणता, काय झालं आणि काय राहिलं. साथीच्या काळात नेहमीचे डॉक्टर स्वतःच विलगीकरणात असू शकतात, किंवा नेहमीचा दवाखाना साथीसाठी राखून ठेवला जाऊ शकतो. आपल्या सिव्हिलवर तेव्हा किती भार होता ते सोलापूरकरांनी पाहिलं आहे.

सगळ्यात वर एक पान ठेवा आणि ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. आजाराचं नाव आणि टप्पा, उपचाराचं नाव, केमोची औषधं आणि त्यांचं प्रमाण, किती डोस झाले, किती राहिले, पुढची तारीख. शेक चालू असेल तर एकूण किती ग्रे (शेकाची मात्रा मोजायचं एकक) ठरले आणि किती झाले. खाली सही, शिक्का आणि विभागाचा फोन. हे पान म्हणजे रुग्णाचा पासपोर्ट. आमच्याकडे हेच नव्हतं.

त्यामागे बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी, शस्त्रक्रियेची नोंद, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, शेवटचे तीन रक्ततपास, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती लाल शाईने. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्या गोळ्यांची चिठ्ठी. शेवटी आधार कार्ड, रेशनकार्ड आणि शासकीय योजनेच्या मंजुरीचा कागद. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहेत, त्यांचा नंबर काय, हेही लिहून ठेवा. दवाखाना बदलायची वेळ आली की पहिल्यांदा तेच मागतात आणि लॅब बंद असली तर आठ-आठ दिवस तिथेच जातात.

मग प्रत्येक पानाचा फोटो काढा, उजेडात, सावली न पडू देता. तो घरातल्या दोन फोनवर ठेवा. एक फोन परगावी असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा असला तर उत्तम. एका घरात रुग्णाला आणि फायली सांभाळणाऱ्या मुलाला एकाच दिवशी करोना झाला. फाइल कपाटात, किल्ली त्या मुलाच्या खिशात आणि मुलगा विलगीकरण केंद्रात.

डॉक्टरांना आजच विचारायचे तीन प्रश्न

साथ नसताना, पुढच्या भेटीतच हे विचारा. ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून कागदावर लिहून न्या.

हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी?
पुढची तारीख जास्तीत जास्त किती दिवस पुढे गेली तर चालेल?
मी इथे पोचूच शकले नाही तर कुठे जाऊ आणि काय घेऊ?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक आजाराचं वेगळं असतं, म्हणून शेजारच्या रुग्णाचा अनुभव आपल्याला लावू नये. रक्ताचा तीव्र कर्करोग असेल तर दिवसांचा हिशेब असतो. बरं करण्यासाठी दिलेली लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) केमो, निम्म्यावर आलेला शेक, रक्तस्राव होणारी किंवा अन्ननलिका, आतडं अडवणारी गाठ, यांना थांबायला वेळ नसतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात शेकात पडलेला एकेक दिवसाचा खंडही नुकसान करतो. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. एक महिना म्हणजे थोडं नाही.

उलट काही गोष्टी निर्धास्तपणे पुढे ढकलता येतात किंवा बदलता येतात. उपचार संपून तीन-चार वर्षं झाली आहेत आणि त्रास काही नाही, तर नेहमीची तपासणी फोनवर होऊ शकते. प्रोस्टेटसाठी महिन्याला घ्यायच्या इंजेक्शनऐवजी तीन महिन्यांचं मिळतं. हाडांसाठीचं महिन्याचं सलाईन बऱ्याच रुग्णांना तीन महिन्यांतून एकदा पुरतं. स्तनाच्या काही कर्करोगांत शस्त्रक्रियेला वेळ लागणार असेल तर आधी हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. स्तनाचा शेक २५ ऐवजी १५ बैठकांत पूर्ण करण्याची पद्धत तर साथीच्या आधीपासूनच रुळलेली होती. हे पर्याय असतात हे माहीत असलं की रुग्ण विचारू शकतो. विचारलं नाही तर गर्दीच्या ओपीडीत ते सांगितले जातीलच असं नाही.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर ठेवा

कर्करोग म्हटला की आपल्याकडे पटकन सिद्धेश्वर एक्स्प्रेस आठवते. रात्री गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरून परळला टाटा गाठायचं. टाटा मेमोरियल साथीतही चालू राहिलं. पण गाड्या बंद, राहायची सोय बंद, अशा वेळी चारशे किलोमीटरवरचा दवाखाना चालू असून उपयोग काय?

सोलापूरकरांचं भाग्य असं की जिल्ह्यातच उपचार आहेत. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सोलापुरापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे. देशातली ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे कितीतरी बार्शीकरांनाही ठाऊक नसतं. सोलापूर शहरात सिव्हिल आहे, श्री सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे, शिवाय खाजगी कर्करोगतज्ज्ञ आहेत. अक्कलकोट, मंगळवेढा भागातल्या लोकांना आणि सीमेपलीकडच्या इंडी तालुक्यातल्यांनाही सोलापूरच जवळ पडतं.

ज्यांचा उपचार मुंबई-पुण्यात चालू आहे त्यांनी तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारावं, यातला कोणता भाग सोलापुरात करता येईल? बहुतेक वेळा रक्ततपास, सोनोग्राफी, ठरलेल्या केमोचे उरलेले डोस, केमोच्या नळीची स्वच्छता एवढं इथे होतं. अवघड शस्त्रक्रिया, अस्थिमज्जा रोपण, खास रेडिएशन यासाठी तिकडे जावं लागतं. ‘उरलेले डोस रुग्णाच्या गावी द्यावेत’ असं औषधांच्या प्रमाणासह पत्र घ्या आणि इथल्या कर्करोगतज्ज्ञाकडे एकदा आधीच दाखवून नाव नोंदवा. साथीच्या ऐन भरात नवा रुग्ण घ्यायला डॉक्टर कचरतात. जुना केसपेपर असला की दार उघडतं. डॉक्टरांकडून फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला घेण्याला २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट आधार दिला आहे, तेव्हा ‘फोनवर सांगाल का’ असं विचारायला संकोच नको. कर्करोगात दुसरं मत हवं असेल तर ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा टाटा आणि ग्रिडमधल्या तज्ज्ञांचं मत कागदांवरून देते.

शेक मात्र मध्येच दुसऱ्या दवाखान्यात हलवू नये. प्रत्येक यंत्राचं नियोजन वेगळं, अंगावरच्या खुणा त्या नियोजनाच्या. म्हणून शेक सुरू होण्याआधीच ठरवा : रस्ता बंद झाला तर आपण त्याच गावात राहू. आत्याच्या वेळी बार्शीतल्या नातेवाइकांनी भीतीपोटी हात जोडले. त्यांचा राग धरला नाही, त्यांच्या घरात तान्हं मूल होतं. दवाखान्याजवळच्या किराणा दुकानदाराने खोली दाखवली. आत्याच्या पोटावरच्या निळ्या खुणा आंघोळीत पुसू नयेत म्हणून मी तिथे ओल्या फडक्याने तिचं अंग पुसायचे. खुणा फिक्या झाल्या तर स्वतः पेनाने काढायच्या नाहीत, हेही तिथेच शिकले.

औषधं

रोजच्या गोळ्या असतील तर घरात नेहमी एक महिन्याचा साठा पुढचा असावा. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, इमॅटिनिब या गोळ्या महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं चालतात. त्या ‘संपल्या म्हणून थांबल्या’ असं व्हायला नको. या पुढच्या साठ्याला हात लावायची वेळ आली की लगेच नव्या गोळ्या आणायच्या असा घरचा नियम करा. कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी मात्र साठवून आपल्या मनाने चालू ठेवू नये. तिचं प्रत्येक आवर्तन रक्त तपासून सुरू होतं.

सोलापूरचा उन्हाळा ध्यानात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. गोळ्या खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहावी लागतात, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. आणताना बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून डब्यात घाला, इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका. वीज बराच वेळ गेली तर औषध दुकानदाराला विचारूनच वापरा.

दुखणं असणाऱ्या रुग्णांसाठी मॉर्फिन. यावर सरकारी नियंत्रण असल्यामुळे ते प्रत्येक दुकानात मिळत नाही, ठरावीक केंद्रांतच मिळतं. म्हणून पुढची चिठ्ठी आणि पुढचा साठा कधी मिळणार हे गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पाहा. ते अचानक बंद झालं की दुखणं दुपटीने परत येतं आणि अंगाला कंप सुटतो. नाकातून नळीने अन्न घेणारे, शौच किंवा लघवीसाठी पोटावर स्टोमाची पिशवी असणारे, घशाला नळी असणारे यांनी त्या त्या सामानाचा महिनाभराचा साठा ठेवावा. हे सामान गावात मिळत नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

पैसा आणि योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या ८ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया तिन्ही यात बसतात. आता संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरांच्या खोलीआधी तिथे जा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथेच अडतं आणि संचारबंदीत तहसील कार्यालय उघडं मिळत नाही. चौकशीसाठी टोल फ्री क्रमांक १५५३८८. तातडीच्या वेळी रुग्णाला आधी दाखल करून फोनवर मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद मागून देता येतात. हे माहीत नसल्यामुळे लोक आधी पैसे भरतात.

विडी कामगार बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून. केंद्राच्या विडी कामगार कल्याण योजनेत कर्करोगाच्या उपचारखर्चाची भरपाई मिळण्याची तरतूद आहे, त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. आत्याचं ओळखपत्र ट्रंकेत साड्यांच्या खाली होतं. यंत्रमाग आणि गारमेंटमध्ये काम करणाऱ्यांनी पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का ते पाहावं. जात असेल तर त्याचा दवाखाना हा तुमचा हक्क आहे.

रस्ता

२०२०-२१ मध्ये नियम किती वेळा बदलले ते आठवा. आधी जिल्ह्याच्या सीमा बंद, मग ई-पास, २ सप्टेंबर २०२० पासून ई-पास रद्द, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सुरू. मध्येच १६ ते २६ जुलै २०२० सोलापूर शहर पुन्हा कडकडीत बंद. त्या वर्षी आषाढीला पालख्यासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या आणि पंढरपुरात संचारबंदी होती. तिथल्या रुग्णाची केमो त्याच आठवड्यात असेल तर? अशी बंदी जाहीर झाली की त्याच दिवशी दवाखान्याला फोन करून तारीख दोन दिवस अलीकडे घेता येईल का ते विचारा. बरेचदा येते.

नाक्यावर वाद घालू नका. अडवणारा पोलीस बारा-बारा तास उन्हात उभा असतो, त्याला एका नजरेत कळणारा कागद लागतो. पत्रावर रुग्णाचं नाव, सोबत येणाऱ्या एकाचं नाव, गाडीचा क्रमांक, तारीख, ‘कर्करोगाचा उपचार, लांबवता येणार नाही’ ही ओळ, सही आणि शिक्का. मराठीत असलं तर जास्त बरं. आमच्या पत्रावर हे सगळं आल्यावर त्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोरी वर करून आम्हाला पुढे काढून दिलं आणि आत्याला पाण्याची बाटली दिली.

रेल्वेत कर्करोग रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. मार्च २०२० मध्ये बाकीच्या बहुतेक सवलती थांबवल्या गेल्या तेव्हाही रुग्णांची सवलत चालू होती. दवाखान्याकडून तो फॉर्म भरून घ्या. एसटीतही कर्करोग रुग्णांना सवलत मिळते. १०८ची गाडी अचानक तब्येत बिघडली तर बोलवायची, ठरलेल्या केमोला नेण्यासाठी ती नसते. त्यासाठी गल्लीतला एक रिक्षावाला किंवा गाडीवाला आधीच बोलून ठेवा. त्याला रुग्णाचा आजार मोकळेपणाने सांगा. लपवून ठेवलं आणि वाटेत उलटी झाली की तो माणूस पुन्हा येत नाही.

संसर्गापासून जपणं, आणि ताप

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने अधोरेखित करा. त्या दिवसांत पाहुणे नकोत, लग्न-बारसं नको, साथ असो वा नसो.

दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची? रुग्णाचा कोपरा खिडकीजवळ ठेवा, त्याचं ताट-वाटी, टॉवेल वेगळे ठेवा. कामावरून येणाऱ्याने आधी हातपाय धुऊन कपडे बदलावेत आणि मगच जवळ बसावं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हात धुण्यासाठी तोटीची एक टाकी किंवा कॅन वेगळा ठेवा. साठवणीच्या पिंपात तांब्या बुडवून हात धुतले तर सगळं पाणी खराब. पिण्याचं पाणी उकळून, झाकून. तोंड आलेलं असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी गळ्याखाली उतरत नाही. आत्या भाकरी कुस्करून कोमट दुधात भिजवून खायची. डाळीचं घट्ट वरण, अंडं, ताजं शिजवलेलं काहीही चालतं. उघड्यावरचा रस आणि कापून ठेवलेली फळं टाळा.

घरात थर्मामीटर हवा, डिजिटल. भर उन्हात, चहा पिऊन लगेच किंवा पांघरुणातून उठून ताप मोजू नका. दहा मिनिटं बसून मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर ती धोक्याची वेळ आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. ताप दबतो, संसर्ग वाढत राहतो. फोनवर असं सांगा : ‘रुग्ण केमोवर आहे, शेवटची केमो अमुक तारखेला झाली, आज अकरावा दिवस, ताप १०१, थंडी वाजतेय, लघवी झाली आहे किंवा नाही.’ साथीच्या काळात ताप म्हटला की रुग्णाला नुसतं तापाच्या रांगेत बसवतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांना एका दवाखान्यात करोनाचा रिपोर्ट येईपर्यंत सहा तास बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. म्हणून दारातच ठामपणे म्हणा, ‘केमोनंतरचा ताप आहे, पेशी कमी असतील, आधी रक्त तपासून अँटिबायोटिक सुरू करा.’ फाइलचं पहिलं पान पुढे करा. करोनाची चाचणी बरोबरीने होऊ द्या.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर कर्करोगतज्ज्ञांना लगेच कळवा, लपवू नका. केमो सहसा बरं होईपर्यंत थांबवतात. शेक मात्र काही ठिकाणी दिवसाच्या शेवटी, इतर रुग्ण गेल्यावर, काळजी घेऊन चालू ठेवतात. निर्णय त्यांचा.

लस : १ मार्च २०२१ पासून ४५च्या पुढच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, त्या यादीत चालू उपचारातला कर्करोग होता. पुढे कुठलीही लस आली तर ‘केमोच्या कितव्या दिवशी घेऊ’ एवढंच डॉक्टरांना विचारा. रुग्णाच्या अंगात लसीचा परिणाम कमी उतरू शकतो, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी आधी घ्यावी.

रक्त

प्लेटलेट पाच दिवस टिकतात. त्या साठवून ठेवता येत नाहीत, माणसंच तयार ठेवावी लागतात. संचारबंदीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढ्या रिकाम्या. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी दहा-बारा निरोगी माणसांची यादी करा, त्यांचा गट, फोन, शेवटचं रक्तदान कधी हे लिहून. सोलापुरात हे काम करण्यासाठी गणेश मंडळाइतकं तयार काही नाही. मंडळाच्या ग्रुपवर एक यादी कायम असू द्या आणि दर सहा महिन्यांनी ती ताजी करा. त्याच मंडळातल्या दोघांनी गल्लीतल्या रुग्णांची औषधं आणून द्यायचं अंगावर घेतलं तर म्हाताऱ्या जोडप्यांचा निम्मा प्रश्न सुटतो.

ज्यांना अजून निदानच झालेलं नाही

५४ टक्क्यांनी घटलेली नवी नोंदणी म्हणजे आजार घटला होता असं नाही. ती माणसं घरात होती. तंबाखू, गुटखा, मिश्री आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं याकडे साथ असली तरी लक्ष द्या. स्तनात गाठ, पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, शौचातून रक्त, बसलेला आवाज, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही असेल तर ‘करोना संपल्यावर बघू’ म्हणू नका. आधी फोनवर डॉक्टरांना सांगा, तोंडातल्या चट्ट्याचा फोटो पाठवा, बायोप्सीची तारीख मागा.

बायकांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला, बार्शीच्याच दवाखान्यातले डॉक्टर त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही या विषाणूमुळे हा कर्करोग होतो; आयुष्यात एकदा केलेल्या त्याच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभर ज्याचा दाखला देतात तो अभ्यास आपल्या बायाबापड्यांच्या सहभागातून उभा राहिला. आत्याने ती चाचणी कधीच केली नव्हती. तिच्या दोन्ही सुनांना आणि मला ती स्वतः बार्शीला घेऊन गेली, २०२१ च्या डिसेंबरात, स्वतःच्या तपासणीच्या तारखेलाच. तिची फाइल आता दाराजवळच्या खिळ्याला कापडी पिशवीत टांगलेली असते.